आधी भवानी, मग प्रेरणा

यंदा श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी सहाला मशीनं बंद करून हात धुवत होतो, तेवढ्यात अनगोळचे एक ओळखीचे गृहस्थ मुलाला घेऊन कारखान्यात आले. कारखाना म्हणजे बेळगावच्या उद्यमबागेतली भाड्याची शेड, दोन लेथ, एक व्हीएमसी (धातू कापणारं संगणकी मशीन) आणि पाच माणसं. फार मोठं काही डोळ्यांसमोर आणू नका. चहा झाला, आणि गृहस्थ म्हणाले, "याला बिझनेस करायचाय म्हणे. पीयूसीला आहे. तुम्ही जरा समजावा." (पीयूसी म्हणजे कर्नाटकातली अकरावी-बारावी.)

समजावा म्हणजे डोक्यातून काढा, हे मला कळलं. पोरालाही कळलं असावं, कारण त्याने मान खाली घातली.

"काय करणार म्हणतोस?"

"तेच ठरंना झालंय काका."

"मग अडलंय कुठं?"

"मोटिव्हेशन टिकत नाही. व्हिडिओ बघितला की दोन दिवस लई वाटतंय. मग जातंय."

खरं बोलला म्हणून मला आवडला. नाहीतर या वयातली पोरं माझ्यासमोर 'पॅशन' वगैरे शब्द काढतात.

उद्यमबाग आणि मच्छे या दोन औद्योगिक वसाहतींत मी पंचवीसेक वर्षं माणसं बघतोय. आधी प्रेरणा आली आणि मग त्याने धंदा टाकला, असा एकही माणूस मला भेटलेला नाही. कुणाची नोकरी गेली, कुणाचं मालकाशी वाजलं, कुणी शेजाऱ्याला एक नग करून दिला, त्याचे पैसे आले आणि मग गडी तिकडेच वळला. आपल्या बाजारात सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं की भाजीवाली नोट कपाळाला लावते आणि म्हणते, भवानी झाली. त्यानंतर तिचा आवाज बघा. तोच माल, तीच जागा, पण आवाज वाढलेला असतो. तू ज्याला मोटिव्हेशन म्हणतोस ते हेच, आणि ते भवानीच्या नंतर येतं. त्यामुळे पुढच्या पायऱ्या प्रेरणा शोधायच्या नाहीत, भवानीपर्यंत पोचायच्या आहेत. त्या दिवशी त्या पोराला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय, म्हणून 'तू' म्हणतो. राग मानू नकोस.

पहिली पायरी: पंधरा दिवस नुसतं बघायचं आणि लिहायचं

शंभर पानी वही घे. मोबाईलमध्ये लिहू नकोस, मोबाईल उघडला की लिहायचं राहून जातं. रोज झोपण्यापूर्वी तीन गोष्टी लिही: आज कोण कशावरून वैतागलं, कुणी कशासाठी खिशातून पैसे काढले, आणि कोणती वस्तू किंवा काम मिळवायला कुणाला लांब जावं लागलं. मत लिहायचं नाही, घडलेलं लिहायचं. 'लोकांना चांगल्या वस्तू मिळत नाहीत' ही नोंद कामाची नाही. 'मंडळाला परवानगीचा अर्ज कन्नडमध्ये आणि अहवाल मराठीत हवा होता, दोन्ही नीट लिहिणारा माणूस मिळाला नाही, अध्यक्ष दोन दिवस फिरले' ही कामाची. 'खानापूरची मावशी चष्म्याची दांडी बसवायला बसने बेळगावला आली' हीसुद्धा.

आपल्याकडच्या पोरांची एक तक्रार मी नेहमी ऐकतो: आपल्या भागात काय आहे? पुण्याला गेलं पाहिजे. अरे, अथणी-निपाणीकडे चपला बनतात. त्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर या चार जिल्ह्यांनाही. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने तसल्याच चपला मिलानच्या शोमध्ये मांडल्या आणि त्यावरून देशभर गदारोळ झाला. गोकाकची लाकडी खेळणी आणि करदंट मिठाई, संकेश्वरची मिरची, निपाणीचा तंबाखू, खानापूरची मडकी, शहापूर-वडगावचे माग, आपला कुंदा. हे सगळं तू करायला घ्यावंस असं मी म्हणत नाही. कुंदा करणाऱ्या दुकानांच्या रांगेत सोळाव्या वर्षी अजून एक कढई लावून काय होणार? पण बनवणारा आणि विकत घेणारा यांच्या मध्ये फटी असतात, तिथे बघ. आपल्या पश्चिम भागातला शेतकरी रताळी पोत्याने आणतो. शहरातल्या बाईला उपासाला किलोभरच हवी असतात, तीही माती धुतलेली आणि साधारण एका आकाराची, म्हणजे सगळी एकदम शिजतात. मधलं हे धुणं-निवडणं-पोचवणं कुणीतरी करायचं शिल्लक आहे. असलं काहीतरी तुझ्या वहीत आलं पाहिजे.

इथे थोडं विषयांतर करतो, पण ते बेळगावचंच आहे. किर्लोस्कर रोडवरून तू शंभर वेळा गेला असशील. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म १८६९ चा, आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. त्यांची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावातल्या सायकलींच्या दुकानापासून झाली. बहुतेकांना एवढंच माहीत असतं. त्यातली खरी गंमत पुढे आहे. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी करत होते. ते मुंबईत सायकली घेऊन बेळगावला धाडायचे आणि इथे त्यांचे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे. विकायच्या म्हणजे, आधी चालवायला शिकवायचे. सायकल ही चीजच नवी, जो बसला की पडणार आहे तो विकत कशाला घेईल? त्यांची फट ती होती. आणि नोकरी त्यांनी पुढे कित्येक वर्षांनी सोडली, बढती डावलली गेल्यावर. सगळं सोडून उडी मारली, असली कहाणी ती नाही.

नंतर लोखंडी नांगर आला, तर लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. वर बेळगाव नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. औंधच्या राजेसाहेबांनी माळरान दिलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. बेळगावने त्यांना घालवलं याची हळहळ आमच्या उद्यमबागेत चहाच्या टपरीवर अजून चालते, पण तो वेगळा विषय.

दुसरी पायरी: तीन चाळण्या

पंधरा दिवसांनी वहीत चाळीसेक नोंदी होतील. त्यातलं एक काम निवडायचं. तीन प्रश्न विचार.

सगळे पैसे बुडाले तर घरात रडारड होईल का? होणार असेल तर ते काम सोड. माझा अंदाज विचारशील तर पहिल्या खेपेला दीड-दोन हजारांच्या वर जाऊ नये, आणि तेही तुझे साठवलेले किंवा घरून मागून घेतलेले. मित्राकडून उसने नकोत.

पैसा महिन्याभरात परत हातात येईल का? झाडं लावली, तीन वर्षांनी फळं येतील, हे शेतकऱ्याला ठीक. तुला लवकर निकाल दिसला पाहिजे, नाहीतर त्या पोरासारखं 'मग जातंय' होणार.

शाळा-कॉलेजच्या वेळेबाहेर जमेल का? इथे आपल्याकडची एक गोष्ट ध्यानात ठेव. महाराष्ट्रात पोरांना मोठी सुट्टी दिवाळीची, आपल्याकडे दसऱ्याची. म्हणजे माल करायला सुट्टी आधी मिळते आणि विकायचा सण नंतर येतो. कोल्हापूरच्या मुलाला जी सोय नाही ती तुला आहे. वार्षिक परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. जानेवारीपासून शटर खाली, हे आधीच ठरवून टाक.

चौथी चाळणी माझी खाजगी: नासणारा माल पहिल्यांदा नको. का, ते पुढे सांगतो.

काही सुचतच नसेल तर सेवा वीक, वस्तू नको. आपल्या पोरांना घरात मराठी, रस्त्यावर कन्नड, शाळेत इंग्रजी आणि टीव्हीमुळे हिंदी येते. गोव्याकडे नातेवाईक असतील तर कोंकणीही कळते. चार भाषांत बोलणारं पोरगं पुण्यात शोधून सापडणार नाही. दुकानदाराला मराठी-कन्नड दोन्हीत व्हॉट्सअॅपची जाहिरात करून देणं, मंडळाचे अर्ज-अहवाल, वडगावच्या मागवाल्याच्या साड्यांचे उजेडात नीट फोटो काढून देणं, चौथी-पाचवीच्या मुलांना कन्नड वाचायला शिकवणं. भांडवल शून्य. ज्या भाषेवरून मोठी माणसं सत्तर वर्षं भांडतायत, तीच तुझी पुंजी आहे, आणि तू ती फुकट घालवतोयस.

तिसरी पायरी: घरात बोलणी

ही पायरी सगळे गाळतात. आणि मग चोरून धंदा, मग भांडण.

बापाची बाजू आधी समजून घे. आपल्या घरांतून स्वप्नं तीनच: बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री सेंटरमधून फौज, सरकारी नोकरी, नाहीतर पुण्या-बेंगळूरची कंपनी. तिन्हींत पहिल्या तारखेला पगार आहे. तुझ्या पप्पांनी कुणाचा तरी धंदा बुडताना जवळून बघितलाय, कदाचित स्वतःच्या भावाचा. त्यांना 'तुम्ही मला सपोर्ट करत नाही' म्हणालास की संपलं.

त्यापेक्षा एक पान लिहून ने. त्यावर पाच ओळी: काय करणार, किती पैसे घालणार, किती तारखेला थांबणार, अभ्यासाची वेळ कोणती आणि ती मोडली तर काय. शेवटची ओळ महत्त्वाची. 'युनिट टेस्टला मार्क घसरले तर मी आपण होऊन बंद करीन' हे तू लिहिलंस तर पप्पांना बोलायला काही उरत नाही. आमच्या या पोराने असं पान दिलं, तर वडिलांनी ते दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "बघू." आपल्याकडे बघू म्हणजे होय.

आईला मात्र आधी सांग. अक्का असेल तर तिला सगळ्यात आधी.

चौथी पायरी: सात दिवसांत भवानी, तीही परक्याकडून

काम ठरलं की सात दिवसांच्या आत कुणीतरी पैसे दिले पाहिजेत. नाव, लोगो, इन्स्टाचं पान, व्हिजिटिंग कार्ड यातलं काहीही आधी करायचं नाही. माझ्या ओळखीत एकाने तीन महिने नावावर घातले आणि शेवटी नाव चांगलं निघालं, धंदा निघाला नाही.

मामा-काकांकडून घेतलेले पैसे भवानीत धरू नकोस. मामा कौतुकाने घेतो. माल कसा आहे ते तो सांगणार नाही.

आमच्या पोराने आकाशकंदील निवडले. वहीत त्याने लिहिलं होतं: गल्लीत अठरा घरांवर प्लॅस्टिकचे एकसारखे कंदील, समोरचे आजोबा म्हणाले आमच्या वेळचे कामट्यांचे आता मिळत नाहीत. दसऱ्याच्या सुट्टीत त्याने पाच कंदील केले. तीस करायचे ठरले होते, पण मी म्हटलं आधी पाच कर, विकून ये, मग पुढचे. नमुना न दाखवता लॉट काढायचा नाही, हा आमच्या मशीन शॉपचा नियम. पहिला नग गिऱ्हाइकाने पास केल्याशिवाय आम्ही पुढचा चढवतच नाही.

पहिले दोन दिवस तो दारोदार फिरला आणि एकही गेला नाही. त्याने मला जे सांगितलं ते असं. तो बेल वाजवायचा, दार उघडलं की म्हणायचा, "कंदील पाहिजे काय?" आणि समोरचा म्हणायचा, नको. संपलं. मी विचारलं, कंदील हातात कसा धरलेला असायचा? म्हणाला, पिशवीत. आता पिशवीतला कंदील कोण घेईल? तिसऱ्या दिवशी त्याने एका कंदिलात बॅटरीवरचा छोटा दिवा सोडला, संध्याकाळी साडेसहाला अंधार पडल्यावर निघाला, आणि बेल वाजवून तोंडाने काहीच बोलला नाही, नुसता कंदील वर धरला.

चौथ्या दारी एक कन्नड बोलणाऱ्या आजी. कंदिलाकडे बघत म्हणाल्या, "एष्टरी?" किती. हा म्हणाला, "नूर ऐवत्तु." दीडशे. आजींनी शंभर म्हटलं. हा द्यायला निघालाच होता, पण तोंडातून आपोआप निघून गेलं, "अज्जी, नाने माडीनरी." मीच केलाय. आजींनी कंदील हातात घेतला, फिरवून कामट्यांच्या गाठी बघितल्या, आत जाऊन दीडशे आणले आणि वर चकलीचं पुडकं दिलं. ते पैसे घेऊन तो घरी गेलाच नाही, थेट शेडवर आला. मशीनच्या आवाजात ओरडून सांगत होता.

तेव्हा त्याने मोटिव्हेशनचं काही विचारलं नाही.

विकताना कामाला येतील अशा दोन-चार गोष्टी. किंमत सांगून गप्प बसायचं. किंमत सांगून लगेच 'पण कमी करतो' म्हणणारे आपण सगळेच. कन्नड घरात 'बर्री, नोड्री' (या, बघा) एवढं आलं तरी दार थोडं जास्त उघडं राहतं. नको म्हटलं तर 'का नको' एवढं एकदाच विचार आणि उत्तर वहीत लिही. आणि सुट्टे पैसे जवळ ठेव. दोनशेची नोट मोडता आली नाही म्हणून गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

पाचवी पायरी: हिशेब, स्वतःच्या तासांसकट

दिवाळी झाल्यावर आम्ही दोघं वही घेऊन बसलो. एकूण ३० कंदील केले. कागद, कामट्या, डिंक, दोरा मिळून नगाला ५५ रुपये, म्हणजे १,६५०. फिरणं आणि पिशव्या २५०. खर्च १,९००. विकले २२ दीडशेने, त्याचे ३,३००. शेवटच्या दिवशी ५ शंभराने, ५००. एक फाटला, दोन उरले. जमा ३,८००. शिल्लक १,९००. घातले तेवढेच वर मिळाले! पोरगा खूश.

मग मी विचारलं, तास किती लागले? त्याने वहीत रोजचे तास लिहिले होते, कारण मी आधीच बजावलं होतं. बेरीज ६२. एकोणीसशेला बासष्टने भाग. तासाला तीस रुपये आणि काही पैसे. त्याचा चेहरा उतरला. आमच्याकडे झाडू मारणाऱ्या मावशींना याहून जास्त पडतात.

इथे पुष्कळ जण सोडतात. सोडायचं नाही, तास कुठे गेले ते बघायचं. ६२ पैकी ३५ तास निव्वळ कामट्या तासण्यात आणि एका मापाच्या करण्यात गेले होते. कागद कापणं, चिकटवणं, रंगसंगती, जे त्याला चांगलं येतं आणि ज्याचे पैसे गिऱ्हाईक देतं, त्याला १५. विकायला १२. आता कामट्या तासणं हे बुरुडाचं काम, तो एका दुपारी दोनशे काढेल. नगामागे पाच रुपये जास्त मोजून कामट्या तयार घेतल्या तर खर्च दीडशे रुपयांनी वाढतो आणि ३५ तास वाचतात. तीसच कंदील, पण २७ तासांत, शिल्लक १,७५०, तासाला ६५ च्या आसपास. गणित पाचवीचं आहे. पण वहीत तास नसतील तर ते मांडताच येत नाही.

वहीत चार रकाने पुरेत: तारीख, आले, गेले, तास. उधारीचं पान वेगळं ठेव, आणि ते पान कोरं राहील असं बघ.

कागदपत्रांचं थोडक्यात

अठरा पूर्ण होईपर्यंत तुझ्या सहीला कायद्याने वजन नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे अज्ञान मुलाने केलेला करार टिकत नाही, म्हणून भाडेपट्टा, मोठी ऑर्डर, जे काही लेखी असेल ते आई किंवा वडिलांच्या नावाने. भागीदारीतही तू पूर्ण भागीदार होऊ शकत नाहीस. बँकेत मात्र दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवता येईल असं बचत खातं रिझर्व्ह बँकेच्या नियमात बसतं. मर्यादा बँक ठरवते. ते खातं काढ आणि धंद्याचे पैसे तिथेच ठेव, खिशातल्या पैशांत मिसळू नकोस.

तेच खातं कुणी 'महिना पाच हजार देतो, नुसतं वापरायला दे' म्हणून मागितलं तर दारात उभं करू नकोस. फसवणुकीचे पैसे असल्या खात्यांतून फिरवतात आणि पोलीस खातेदाराच्या घरी येतात. साखळी मार्केटिंग, ट्रेडिंगच्या टिपा विकणारे टेलिग्राम ग्रुप, हेही त्याच पंक्तीत.

खायचा पदार्थ विकणार असशील तर एफएसएसएआयची, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी लागते, अगदी घरगुती असला तरी.

जीएसटीत आपल्या सीमाभागाची एक खास मेख आहे. कर्नाटकात वस्तू विकणाऱ्याची उलाढाल वर्षाला ४० लाखांच्या आत असेल तर नोंदणी लागत नाही, हे सगळे सांगतात. पण ही सूट राज्यातल्या विक्रीला. करपात्र वस्तू परराज्यात पाठवली तर उलाढाल कितीही छोटी असो, नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना आणि छोट्या सेवांना तेवढी सवलत आहे, आणि ताजी भाजी-फळं करमुक्तच. महाराष्ट्रातलं शिनोळी आपल्याला हाकेच्या अंतरावर, पण जीएसटीच्या लेखी परराज्य. चंदगड, कोल्हापूर, गोव्याला माल पाठवण्याआधी एखाद्या सीएच्या ऑफिसात दहा मिनिटं बसून ये. दुकानाचा बोर्ड लावायची वेळ आलीच तर २०२४ च्या दुरुस्तीनंतर त्यावर ६० टक्के कन्नड हवं. वाद घालायचा तर चौकात घाल, स्वतःच्या गल्ल्याच्या खर्चाने नको.

कर्जाचा विषय अठराच्या आधी काढूच नकोस. नंतर सरकारची मुद्रा कर्ज योजना आहे, त्यात शिशु गटात ५० हजारांपर्यंत मिळतं. पण कर्जाच्या आधी प्रशिक्षण घे. कर्नाटकातल्या उजिरेला १९८२ मध्ये रुडसेटी ही स्वयंरोजगार शिकवणारी संस्था सुरू झाली, त्याच धर्तीवर बँकांनी चालवलेल्या संस्था आता जिल्ह्याजिल्ह्यात आहेत; राहणं-जेवण-शिकणं फुकट, वय अठरापासून. धारवाडला सिडॉक ही उद्योजकता विकासाची सरकारी संस्था आहे. तिथे जाताना कोरे हात घेऊन जाऊ नकोस, वर सांगितलेली वही घेऊन जा.

तोवर सुट्टीत उमेदवारी कर. पण मशीनवर नको. अठराच्या आतल्या मुलाला धोक्याच्या कामाला लावणं गुन्हा आहे, आणि फौंड्रीत तर मी तुला पाऊल टाकू देणार नाही. एखाद्या दुकानाच्या गल्ल्यावर, होलसेलवाल्याच्या गोदामात, हिशेबनीसाच्या शेजारी बस. खडे बाजारात एखादा कापडवाला गिऱ्हाइकापुढे किती ठाण उलगडतो आणि कुठल्या क्षणी थांबतो, हे आठवडाभर बघितलंस तरी पुष्कळ शिकशील.

उमेद खचते तेव्हा

खचणारच. माझी कशी खचली ते सांगतो.

दहावीची परीक्षा झाली आणि मी हापूसच्या सहा पेट्या उधारीवर उचलल्या. व्यापारी ओळखीचा, वडिलांच्या नावावर माल दिला. पेंढ्यात आंबे घालून माजघरात अढी लावली. सगळे एकदम पिकतील आणि एकदम विकीन, असा हिशेब. दोन पेट्या तर नातेवाइकांनीच नेल्या, "पैसे देतो रे नंतर" म्हणून. ते नंतर अजून यायचंय. मग वळीव लागला, चार दिवस कोंदट हवा, आणि एका सकाळी माजघरात तो वास आला. आई काही बोलली नाही. तिने चांगले निवडून आमरस केला आणि आठ दिवस आम्ही आमरसच खात होतो. व्यापाऱ्याचे पैसे वडिलांनी दिले. मी वर्षभर त्या गल्लीतून गेलो नाही.

नासणारा माल आणि नात्यातली उधारी, दोन्ही एका दमात. म्हणून वर चौथी चाळणी.

पण त्यातून उठलो कसा, ते तुझ्या कामाचं. माझी आजीच म्हणाली, किती गेले ते कागदावर लिही. लिहिलं, तर आकडा मनातल्यापेक्षा बराच लहान निघाला. शरम मोठी होती, तोटा बेताचा होता. तेव्हापासून माझी सवय आहे: वाईट वाटायला लागलं की आधी आकडा काढायचा.

दुसरं म्हणजे, मुदत घालून काम कर. नव्वद दिवस. नव्वदाव्या दिवशी वही उघडून ठरवायचं, पुढे न्यायचं की बंद करायचं. मधल्या कुठल्याही संध्याकाळी, दमलेला असताना, ठरवायचं नाही. ज्या दिवशी काहीच करावंसं वाटत नाही त्या दिवशी एकच काम: जुन्या एका गिऱ्हाइकाला भेटून, माल कसा निघाला, एवढं विचारून यायचं. त्या पोराने एका मंद रविवारी असंच केलं. चकलीवाल्या आजींकडे गेला. त्या म्हणाल्या, कंदील चांगला, पण पाऊस आला आणि कागद गेला. त्याने ते वहीत लिहिलं, खाली रेघ मारली.

आणि नव्वद दिवसांनी बंद करावंसं वाटलं तर खुशाल कर. फौजेत जायचं असेल तर जा, शिकायचं असेल तर शिक. हिशेब लिहायची सवय लागलेला माणूस कुठेही लागतो. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांत असा एखादा निघाला की मी पगाराची घासाघीस करत नाही.

तुळशीचं लग्न झालं त्या आठवड्यात तो पुन्हा शेडवर आला. एकटाच, वडील बरोबर नव्हते. हातात वही, आणि एक मेणकागद लावलेला कंदील, अर्धवट झालेला. मी व्हीएमसीवर जॉब बसवत होतो, म्हटलं थांब जरा. तो थांबला, पण फार वेळ नाही.

"काका, ओळखीत कोण बुरूड आहे काय? आतापासून सांगून ठेवायला पाहिजे म्हणालोय. दिवाळीच्या तोंडावर तो भाव वाढवतंय."